तिरोडीवालीच्या शेजारी

आमच्या भागात सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. मी राजेगाववाली. माझ्या शेजारी राहायची ती तिरोडीवाली. तिचं पाळण्यातलं नाव मला ठाऊक होतं, कारण तिची पाच वर्षांची मुलगी माझ्या अंगणवाडीत यायची आणि रजिस्टरमध्ये आईचं नाव मीच लिहिलं होतं. ते इथे लिहीत नाही.

वारासिवनीहून बसने थोडं पुढे आमचं गाव; सरकारी बोलणं इथे हिंदीत चालतं. आम्हा दोघींच्या घरांमध्ये एकच मातीची भिंत. तिचा नवरा राइस मिलवर हमाली करायचा. मिल बंद असली की तो दुपारी घरी असायचा, आणि त्या दिवशी पलीकडून आवाज यायचे. आधी भांडं आदळल्याचा, मग तिचा. ती कधी ओरडली नाही. "नाही जी, नाही जी," एवढंच म्हणायची, कोणी जेवायचा आग्रह करत असावं आणि आपण नको म्हणावं तसं.

आवाज सुरू झाला की माझा नवरा रिमोट उचलून टीव्ही मोठा करायचा. सासू म्हणायची, "दुसऱ्याच्या घरात कायले तोंड घालाचं?" मी काहीच म्हणत नसे. सुपातली भाजी निवडत राहायचे. पुढे गावात लोक मला धीराची बाई म्हणायला लागले, म्हणून हे आधी सांगून टाकते.

एकदा नळावर तिचा डोळा सुजलेला दिसला.

"काय झालं वं डोळ्याले?"

"दार लागलं जी."

ती माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. माझा पाण्याचा गुंड भरला होता. मी तो कमरेवर घेतला आणि निघाले.

भादव्यातली दुपार होती ती. पलीकडे सुरू झालं, इकडे टीव्ही मोठा झाला. तरी त्यातूनही एक जड काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग सगळं शांत. आज लवकर आटपलं, असं माझ्या मनात आलं. बरं वाटलं मला. अर्ध्या तासाने तिची मुलगी आमच्या दारात उभी होती.

"बाई, आई उठून नाही राह्यली."

ऑटोत घालून तिला बालाघाटला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. शुद्धीवर आलीच नाही. न्हाणीत पाय घसरला, असं तिच्या नवऱ्याने सांगितलं. चौकशीला पोलीस ठाण्यातून जमादार आला. शेजारी म्हणून मला बोलावलं. माझा नवरा आणि सासू मागे उभे होते.

"कुछ सुना था आपने?"

"नहीं साहब. टीवी चल रही थी."

त्याने लिहून घेतलं. मी खाली सही केली. माझी सही तेव्हाही चांगली वळणदार होती.

प्रकरण अपघातात मिटलं. मुलीला तिची आजी तिरोडीला घेऊन गेली. बाप नागपूरकडे निघून गेला तो परत आला नाही.

ती गेल्यावर तिच्या नावाने आमच्या बुद्धविहारात पुण्यानुमोदन झालं. वंदना सांगणारी म्हातारी आमच्या गल्लीतलीच, सगळे तिला मोठीबाई म्हणत. वंदना संपली तरी ती उठली नाही. तिने विचारलं, "तिच्या भिंतीले भिंत कोनाची आहे?" सगळ्या बाया सतरंजीकडे पाहायला लागल्या. मी हात वर केला. वाटलं, आता सगळ्यांसमोर ही मला फाडून खाईल. मोठीबाई नुसती म्हणाली, "मंग तू पयली उठ."

तिनेच रीत सांगितली. आवाज आला की दोघीतिघींनी जाऊन दार वाजवायचं. "भांडाले नोका जाऊ, काही मांगाले जा. विरजण मांगा, चाळणी मांगा, माचिस मांगा. देल्ली तरी उभं राहा, दुसरं मांगा." आधी आम्ही सहाजणी होतो. नंतर टोलीतल्या, म्हणजे पलीकडच्या वस्तीतल्या, शेतकरी घरच्या बायाही आल्या. मुलांना मी अंगणवाडीत सांगून ठेवलं, घरात आरडाओरड झाली तर माझ्याकडे पळत यायचं, काही सांगायची गरज नाही, येऊन बसायचं. दोन बहिणी यायच्या. धाकटी आली की आधी माझ्या पदराखाली शिरायची.

हे सोपं नव्हतं. एकाने आमच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. एका घरी तर मार खाणारीनेच दार लावून घेतलं आणि आतून म्हणाली, "तुमाले घरी कामं नाही का?" काही घरांत मार थांबला. काही घरांत तो आवाज न करता होऊ लागला असेल. मला ते कळायला मार्ग नाही. मोठीबाई गेल्यावर बाया मलाच पुढे करायला लागल्या. पंचायतीत एकदा माझा शाल देऊन सत्कार झाला. टाळ्या वाजत असताना मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आले.

शेजारचं घर आता एकाने घेतलं आहे, त्यात नुसते कांदे ठेवतात. तरी भादव्यात दुपारी मला ते ऐकू येतं. "नाही जी." भिंतीला कान लावते तर काही नसतं. एकदा तर मी त्यांच्याकडून किल्ली मागून आणली, आत जाऊन पाहून आले.

गेल्या वर्षी दुपारच्या बसने एक मुलगी आली. बालाघाटला कॉलेजात शिकत होती. कपाळ आणि डोळे पाहून मी ओळखलं. पाणी दिलं, तिने ते बाजूला ठेवलं.

"काकू, उस दिन का कुछ याद है आपको?"

मी सगळं सांगितलं. भाजी, टीव्ही, ते पडणं, मला बरं वाटलं तेही. मग ती मराठीत बोलली. आजीकडची मराठी, अडखळत.

"आई सांगे, बाजूचा टीव्ही मोठा झाला का समजाचं, त्याइले आयकू गेलं. आता येतीन. मी दाराकडे पाहत राहो."

खोलीत माझा नवरा खाटेवर बसला होता. त्यानेही ऐकलं.

तिने विचारलं, "यही लिख के दोगे क्या आप?"

"हौ," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या बसने परत आली आणि आम्ही पोलीस ठाण्यात जायला निघालो. नवरा सकाळपासून म्हणत होता, "आता इतक्या वर्षानं कायले?" पण आम्ही दाराबाहेर पडलो तेव्हा तो शर्ट घालून चपला शोधत होता. बसमध्ये आमच्या मागच्या सीटवर बसला. ठाण्यात मी नवा जबाब लिहून दिला. नवऱ्याने माझ्या सहीखाली आपली सही केली आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, जुनं प्रकरण आहे, फाइल काढावी लागेल, काय होईल ते आत्ता सांगता येत नाही. शिक्का मारलेली एक प्रत त्यांनी आम्हाला दिली. मुलीने ती वहीत घालून बॅगेत ठेवली. बसस्टँडवर मी तिला म्हटलं, घरी चल, जेवून जा. ती म्हणाली, पेपर आहे. बस सुटेपर्यंत तिने खिडकीतून बाहेर पाहिलं नाही.

तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. तिचा फोन येत नाही. मीही करत नाही. दर महिन्याला अंगणवाडीचं काम आटोपून मी ठाण्यात जाते. तिथला बाबू आता मला ओळखतो. मी दिसले की तो मान हलवतो, अजून नाही म्हणून. मी तरी थोडा वेळ बाकावर बसते.