फटफटीची न सांगितलेली खोड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवाला म्हणाल — तर त्याच्यासमोर हात जोडले की मी नेमकं दुसरंच काहीतरी पुटपुटतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. यात काही फार मोठी मर्दुमकी नाही, हे मलाही कळतं.

आधी माझ्या नादाबद्दल सांगतो. बघा, लगेच आडवळण सुरू झालं! पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार. मी नगरला सरकारी कचेरीत आरेखक होतो. दिवसभर नकाशे काढायचे, दुपारी डबा खायचा, संध्याकाळी सायकलवर टांग टाकायची. जीव मात्र सगळा जुन्या मोटारसायकलींत. लष्करानं काढून टाकलेल्या इंग्रजी गाड्या तेव्हा लिलावात निघायच्या आणि फिरत फिरत भंगारवाल्यांकडे यायच्या. लोक त्यांना फटफटी म्हणत. अशी एखादी मेलेली फटफटी मी हातगाडीवर घालून घरी आणायचो, मागच्या अंगणात पोत्यावर मोकळी करायचो, एकेक भाग रॉकेलनं धुवायचो. ती पुन्हा धडधडायला लागली, गावात चार चकरा झाल्या, की विकून टाकायचो. का? तर दुसरी आणता यावी म्हणून. पगारात माझं व्यवस्थित भागत होतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर नडलेला होता म्हणून केलं असं तुम्हाला वाटायचं.

मला हाव होती ती निराळीच. ‘गाडी घ्यावी तर यांच्या हातची’ हे चारचौघांत कुणी म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्या साली माझ्याकडे एक जड, काळी, जुन्या लढाईतली गाडी आली. इंजिन झकास. पण हँडल ज्या जागी सांगाड्यात बसतं — आम्ही त्या जागेला मान म्हणायचो — तिथं एक तडा होता. बारीक, केसासारखा. खरं तर सांगाडाच टाकून द्यायला हवा होता. मला ते माहीत होतं. पण इंजिनावर इतके रविवार घातले होते, आणि कचेरीत सगळ्यांना सांगून बसलो होतो की ही माझी आजवरची सगळ्यात देखणी गाडी होणार. मग मी काय केलं? तड्यावर पितळेची झाळ दिली. कानशीनं घासली. वर लांबीचा लेप भरला, काळा रंग चढवला आणि त्यावर सोनेरी रेघ ओढली. आरेखकाचा हात तो — रेघ अशी सुरेख आली की विचारू नका.

मग गाडी श्रीगोंद्याच्या रस्त्याला काढली. उसाच्या गाड्यांनी रस्ता पार उखणून ठेवलेला. एका खड्ड्यात चाक गेलं आणि हँडल डावीकडे वळलं. मी वळवलं नव्हतं. आपोआप वळलं आणि लगेच जागेवर आलं. मी उतरलो, मानेवरून बोट फिरवलं. रंग शाबूत होता. खड्डाच मोठा होता, असं मी स्वतःला म्हटलं आणि घरी आलो.

म्हणजे मला माहीत होतं. इथं पळवाट नाही. विकण्याआधी मला माहीत होतं.

गाडी घ्यायला आले घोडेगावचे रंभाजी. बैलांचे व्यापारी. उंच, हडकुळे, बोलणं मोजकं, दारूला कधी न शिवलेले. बाजारोबाजारी पायी आणि एसटीनं फिरून कंटाळले होते. त्यांनी फटफटी बैलासारखीच पाहिली. भोवती फिरले, टायर दाबून बघितले, बाजूला उकिडवे बसून तिचा आवाज ऐकला. मग म्हणाले, “भाऊसायेब, आमच्याकडं एक रीत हाय. इकनाऱ्यानं जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा आन काय आसंल ती खोड सांगायची. लाथ मारतंय म्हना, बसतंय म्हना. एकदा सांगितली की फुडं आमचं नशीब. मंग आमी तोंड उघडत न्हाई.”

बैलबाजारात खोटं बोलणारे काय कमी असतात? पण रंभाजी ही रीत पाळणाऱ्यांतले होते. ते वाट बघत उभे राहिले. मी सीटवर हात ठेवला. तिथून ती सोनेरी रेघ हातभरसुद्धा लांब नव्हती.

आणि मी खोड सांगितली. हो, सांगितली! थंडीत लवकर चालू होत नाही, किका जास्त माराव्या लागतात. आणि खालून थोडं तेल गळतं.

मुकाट राहिलो असतो तर ते कदाचित सावध झाले असते. खोडच नाही म्हणालो असतो तर बैलाचा जाणता माणूस हसला असता आणि निघून गेला असता. मी खरी, पण क्षुल्लक खोड पुढे केली आणि तिच्याआड दुसरी दडवली. रंभाजी खूश झाले. “दुसरा आस्ता तर तेलाचं बोलला नस्ता,” म्हणाले. मला त्या वाक्याचा आनंद झाला. शरम नाही वाटली — आनंद झाला. हे लिहिताना आज कान गरम होतात.

त्यांची बायको गयाबाई. तिनं गाडीच्या दिव्याला हळदकुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण बसायला काही तयार होईना. पडंल म्हणायची. शेवटी रंभाजींनी तिला समजावलं की भाऊसाहेबांनी खोड सांगितलीय, आता भ्यायचं कारण नाही. त्यावर ती बसली. हे मला खुद्द रंभाजींनीच कौतुकानं सांगितलं होतं.

गयाबाईचं माहेर खर्ड्याला. तिथं पुतणीचं लग्न होतं, दोघं फटफटीवरून गेली. लग्नघरातलं जागरण झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येताना वाटेतल्या एका मोरीवर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, गाडी डावीकडे वळली आणि सरळ खाली कोरड्या ओढ्यात गेली. रंभाजींचं डोकं फुटलं, पण ते वाचले. गयाबाईचं खुब्याचं हाड मोडलं.

कळल्यावर मी नगरच्या दवाखान्यात गेलो. चौकशीला? लोकांना तसंच वाटलं. रंभाजी व्हरांड्यात डोक्याला पट्टी बांधून बसले होते. मी म्हणालो, गाडी ओढ्यात पडून राहायला नको, मी घेऊन जातो. त्यांनी माझे हात धरले. “न्या. तुमच्या हातची हाय, तुमीच न्या,” म्हणाले. मी टेम्पो केला. ओढ्यात गाडी पडली होती, मान तुटून हँडल वेगळं झालं होतं आणि तुटल्या जागी पितळ पिवळं चमकत होतं. सांगाडा उचलून टेम्पोत टाकताना मी त्या पितळावर माझा रुमाल टाकला. त्याच दुपारी करवतीनं मान कापली आणि भंगारात दिली.

तुम्ही म्हणाल, झाला कबुलीजबाब. मीसुद्धा इतकी वर्षं मनातल्या मनात इथपर्यंतच येऊन थांबत आलो. पण खरं ते पुढेच आहे.

गयाबाईला तिच्या भावांनी दवाखान्यातून परस्पर खर्ड्याला नेलं. त्यांचं म्हणणं, लग्नात प्यायला असणार, त्याशिवाय सरळ रस्त्यावरून गाडी खाली जाते का? आमची बहीण आता नांदायला धाडणार नाही. रंभाजी सांगत राहिले की हँडल आपसूक वळलं. कोण विश्वास ठेवणार? लोक तोंडावर हसले. सरळ चालीचा माणूस, पण गावात पार हलका झाला.

एका रविवारी ते माझ्याकडे आले. मी अंगणात दुसऱ्या गाडीचं चाक काढून बसलो होतो. ते पायरीवर टेकले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, “भाऊसायेब, येकच इचारतो. तुमी जानता मानूस. हँडल आसं आपसूक वळतं का वं? तुमी एकदा व्हय म्हना, मी तुमाला खर्ड्याला नेतो. तुमी सांगितलं तर तिचे भाऊ ऐकतील.”

बघा, केवढं मागत होते? एक ‘व्हय’. सगळं कबूल करायलाही ते सांगत नव्हते! जुन्या गाडीत असं होऊ शकतं, एवढं मोघम बोललो असतो तरी चाललं असतं. माझं नाव वाचलं असतं आणि त्यांचं घरही. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण त्याबरोबर हेही कळलं, की मग कुणीतरी विचारेल, का वळलं? कुणीतरी गाडी बघायला मागेल.

मी म्हणालो, “नाही, रंभाजीराव. असं कधी होत नाही.”

तेवढ्यावर तरी थांबावं की नाही? मी पुढे म्हणालो, “रात्रभर जागरण होतं. तुमचा डोळा लागला असेल.”

त्यांनी जमिनीकडे पाहिलं. एखादा हिशेब चुकला आणि आता तो कबूल करायलाच हवा, असा तो चेहरा होता. मग हळूच म्हणाले, “मला तर जागाच हुतो आसं वाटतंय. पर तुमी म्हनता तर लागला आसंल. तुमी लपवाछपवी करनारं मानूस न्हाई.”

आणि ते गेले. मी चाक बसवलं.

त्यानंतर रंभाजी खर्ड्याला गेले. चार माणसं बसवून, मेव्हण्यांसमोर, बायकोच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाले की माझा डोळा लागला, चूक माझी आहे. न केलेली चूक त्यांनी माझ्या शब्दाखातर पदरात घेतली. मेव्हणे धाडायला तयार नव्हतेच. गयाबाई स्वतः उठली आणि लंगडत त्यांच्यामागं आली. रंभाजींनी पुन्हा कधी कुठलीही गाडी हाती धरली नाही. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, बाजार बसला, तेव्हाही हा माणूस पायी फिरत होता. आणि कुणी फटफटीचं नाव काढलं, तर माझ्याकडे पाठवत होता. तेलाची खोडसुद्धा सांगतात, असं म्हणून. त्यांनी पाठवलेल्या माणसांना मी गाड्या विकल्या.

रंभाजी म्हातारे होऊन वारले. ते गेल्यावर मी घोडेगावला भेटायला गेलो. न जाणं वाईट दिसलं असतं. गयाबाई काठी टेकत बाहेर आल्या, ओळखलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मग आपणहून बोलायला लागल्या. “त्यांनी कवा माज्याकडं नीट वर बघितलं न्हाई, भाऊसायेब. मी किती येळा म्हनलं, जाऊ द्या, मानसाला झोप येती. पर त्यांना मरस्तवर वाटायचं, त्यांनीच मला लंगडं केलं.”

मी चहा प्यालो. कप खाली ठेवला, येतो म्हणालो, आणि आलो.

गयाबाई अजून आहेत. नगरहून घोडेगाव काही लांब नाही, एसटी रोज जाते. त्यानंतर मी गेलेलो नाही आणि जाईन असंही म्हणत नाही. त्या सकाळी मोरीवर रंभाजी जागे होते.