कढीपत्त्याच्या जागेवरून टँकर गेला

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोपऱ्याचं घर आहे. तिथली सून सध्या आमच्या रहिवासी समितीची अध्यक्ष. बँकेत नोकरी करते, स्कूटर जोरात चालवते आणि बोलते त्याहून जोरात. जन्म इथलाच, भोपाळचा, त्यामुळे मराठीत अर्धी हिंदी. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मी सातवीपर्यंत शिकलेला, जन्मभर कारखान्यात फिटर. सुचेल तसं लिहितो.

अयोध्या नगरात आमच्याकडे एक रीत आहे. घर बांधून झालं की माणूस रस्त्याकडे सरकतो. आधी गाडी चढवायला रॅम्प, मग रॅम्पशेजारी दोन कुंड्या, मग कुंड्यांत गाई तोंड घालतात म्हणून लोखंडी जाळी. जाळी लागली की ती जागा घरची झाली. कोणी कोणाला बोलत नाही, कारण जाळी प्रत्येकाची आहे. आमचीही होती. आत बायकोचा कढीपत्ता. नागपूरहून, तिच्या माहेरून आणलेलं रोप. माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं. इथे त्याला मीठी नीम म्हणतात. सकाळी पोहे टाकायच्या आधी गल्लीतल्या बायका येऊन पानं तोडून न्यायच्या. बायकोचं म्हणणं एकच, विचारू नका, पण फांदी ओरबाडू नका.

गेल्या उन्हाळ्यात बायको आजारी पडली. भर दुपारी अँब्युलन्स आली आणि कोपऱ्यावरच्या घराच्या रॅम्पपाशी अडली. मागे जाईना, पुढे येईना. शेवटी बायकोला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी उन्हातून गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं. लोक दारात उभे. ती मला म्हणाली, "माझा पदर नीट करा, सगळे बघतात." दवाखान्यातून ती परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी दारात आली असती तरी फरक पडला नसता. खरं असेल. पण ती खुर्ची माझ्या डोक्यातून जात नाही.

तेरवी झाली आणि पुढच्या रविवारी सकाळी घणाचा आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तर कोपऱ्यावरची सून ओढणी कमरेला बांधून स्वतःच्याच रॅम्पवर घण घालतेय. तेव्हा ती अध्यक्षबिध्यक्ष काही नव्हती. घण कसा धरतात तेही तिला माहीत नव्हतं. ओट्यावरून सासरे ओरडत होते, "कोणी नोटीस दिली का? मग घर कशाला फोडतेस?"

"आली होती ना नोटीस, बाबा. समोरून खुर्चीत बसून गेली. तुम्ही पण पाहिली."

सासरे आत गेले. मी तिच्या हातून घण घेतला. "दे इकडे, मनगट मोडून घेशील."

पुढे लोकांनी तिला अध्यक्ष केलं. आधीचे अध्यक्ष अर्ज लिहायचे आणि चहा पाजायचे. हिची पद्धत वेगळी. दर रविवारी एक घर. आधी आत जाऊन चहा प्यायची, मग घरच्यांनाच पहार हातात द्यायची. आणि ज्याची जाळी निघाली त्याने पुढच्या रविवारी दुसऱ्याकडे हात लावायला यायचं. जो तो म्हणायचा, "पहले सामने वाले की हटाओ." ती म्हणायची, "सामनेवाली मीच होते. हटवलं. अब बोलो."

माझ्या घराचं मात्र कोणी नाव काढेना. "अंकलजी की रहने दो, आंटीजी का पेड़ है," असं हळू आवाजात म्हणायचे. बायको गेल्यापासून सगळेच माझ्याशी हळू बोलतात, जणू मीच आजारी आहे. झाड राहत होतं, म्हणून मीही गप्प होतो.

मग एका रविवारी कोपऱ्यावरच्या सुनेने पाण्याचा टँकर आत बोलावून पाहिला. एरवी तो गल्लीच्या तोंडाशीच उभा राहायचा. टँकर सगळी घरं ओलांडून आला आणि वळणावर माझ्या जाळीपाशी थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं, "अब ये किसका है?" सगळे खाली बघायला लागले. ती सरळ माझ्या ओट्याशी आली.

"काका, गाडी तुमच्या जाळीला अटकली."

मागून कोणीतरी म्हणालं, "भाभी, जाने दो ना."

"का जाने दो? काका या गल्लीत राहत नाहीत का?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमची सोडली तर उद्या सगळे परत बांधतील. पहिले माझे सासरे."

"बिलकुल बांधीन," सासरे म्हणाले.

मी म्हणालो, "झाड जुनं आहे. उपटलं तर जगणार नाही."

"माहीत आहे, काका. मुळाशी पिल्लं फुटलीत, ती पार्कात लावू. पण हे झाड जाईल. खोटं नाही सांगणार."

आवाज जराही खाली आणला नाही तिने. मला राग आला. मी आत जाऊन दार लावलं, रडलोही. आणि मग डोक्यात आलं, वळणाच्या पलीकडे अजून घरं आहेत. शेवटच्या घरातली म्हातारी गुडघ्यांनी बसलेली आहे. उद्या अँब्युलन्स आली तर तिचीही खुर्ची माझ्या जाळीपर्यंत उचलून आणावी लागणार.

हत्यारांच्या पेटीतून लोखंड कापायचा हॅकसॉ काढला आणि बाहेर आलो. "जाळी मी लावली, मीच कापणार," म्हटलं. झाड मात्र मला कापवलं नाही, ते दुसऱ्यांनी कापलं. कोपऱ्यावरची सून गुडघ्यावर बसून पिल्लं काढत होती. एक मोडलं, तर माझ्याकडे न बघता ओढणीने डोळे पुसून पुढचं खणायला लागली.

रोपं आता पार्काच्या कोपऱ्यात आहेत. गाई येतात म्हणून तिने भोवती जाळी लावलीय. तेवढी जाळी समितीने मंजूर केली.

परवा टँकर आला. वळणावर ड्रायव्हरने ब्रेकसुद्धा लावला नाही, झाड होतं त्या जागेवरून सरळ गेला. शेवटच्या घरापर्यंत पोचतो का ते बघायला मी ओटा उतरून खाली आलो. पोचला.