राणबोडीचं काळं वर्तुळ

"आमच्या बोडीत जे हाय, ते दुसऱ्या कोन्याच बोडीत नाई," असं सुकलू एकदा म्हणाला होता.

ते माशांबद्दल होतं. राणबोडी हा धानोऱ्याजवळचा लहान तलाव. काठावर ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, बत्तीस घरं, आणि ती त्याच पाण्यावर जगतात. राणबोडीची मरळ चवीला गोड, अशी बाजारात ख्याती. म्हणून मासा कुठल्याही पाण्यातला असो, टोपलीत पडला की तो राणबोडीचा. सुकलूचा बाप असंच सांगून मासे विकायचा, सुकलूही तसंच. याला गावात कोणी खोटं म्हणत नसे. आपल्या पाण्याचा मान ठेवणं म्हणत.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात चिमूरच्या एका कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक गुणवंतराव तिथं एका किड्याच्या शोधात आले. त्यांच्यासाठी किड्यांची चित्रं मी काढायचो. किडा धानाच्या दाण्याएवढा. डोकं काळं, छाती नारिंगी, पाठीवर निळसर चकाकणारे आखूड पंख. ते जेमतेम पोटाच्या सुरुवातीपर्यंत पोचतात. खालचे उडायचे पंख त्यांच्याआड घडी करून ठेवलेले असतात. उरलेलं पोट उघडंच. पळताना तो शेपटाचं टोक वर उचलतो, विंचवासारखं. पण नांगी नाही. तो चावतही नाही. अंगावर चिरडला गेला की त्याच्या रक्तातलं विष कातडी जाळतं.

सुकलूला हे आधीच माहीत होतं. तो किडा बोटानं धरत नसे. बोरूच्या काडीनं उचलून बाटलीत टाकी. चिखलात, कुजल्या पानांखाली, धानाच्या बांध्यांत, कुठल्या ओलीला किती किडे निघतील हे तो वाकायच्या आधी सांगे. गुणवंतरावांनी त्याला चौदा तलाव नेमून दिले आणि प्रत्येकाच्या नावाच्या बाटल्या दिल्या. त्याच आठवड्यात त्यांनी त्याचा डावा हात टेबलावर ठेवायला सांगितला, एक किडा चिमट्यानं धरून मनगटाच्या वर चिरडला आणि घड्याळ पाहिलं. चोवीस तासांनी लाली, अठ्ठेचाळीस तासांनी पाण्याचे फोड, अकराव्या दिवशी खपली. पुढे छापलेल्या शोधनिबंधात एक वाक्य आलं: स्थानिक पुरुषाच्या हातावर परिणाम तपासला. डाग राहिला. सुकलू तो लोकांना दाखवी. सरांच्या पुस्तकात आपला हात आहे, म्हणे.

तीन पावसाळे तो किडे आणत राहिला. गुणवंतराव नराच्या पोटाची शेवटची वळी सुईनं उघडत, आतलं जननेंद्रिय बाहेर काढत आणि मला भिंगाखाली देत. या किड्यांची जात तिथंच ओळखू येते. बाहेरून सगळे सारखे. ते इंद्रिय कुठल्याच पुस्तकातल्या चित्राशी जुळत नव्हतं. जात नवी ठरली.

निबंध छापून आला. त्यात जातीच्या वस्तीचा नकाशा होता. जिथं किडे जास्त, तिथलं वर्तुळ मोठं. राणबोडीचं सगळ्यांत मोठं होतं: दोनशे अकरा नमुने. मीच ते काळ्या शाईनं भरलं होतं. सुकलूनं नकाशाची झेरॉक्स मागून घेतली आणि घरात, देवाच्या फोटोशेजारी चिकटवली.

दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये तिकडच्या एका वसतिगृहात पोरांच्या मानांवर, डोळ्यांभोवती फोड उठले. दिव्यावर आलेले किडे झोपेत चिरडले गेले होते. एका पोराचा डोळा पुरता मिटला. त्यासाठी एक समिती बसली. समितीला गुणवंतरावांचा नकाशा मिळाला. तलावांच्या काठांवर औषध फवारायचं ठरलं, मोठ्या वर्तुळापासून सुरुवात. राणबोडीची पाळी सोमवारी.

राणबोडीत पंधरा दिवसांपूर्वी माशांची बोटुकली सोडली होती. बत्तीस घरांचं पुढचं वर्ष बोटभर लांबीचं होऊन काठाकाठानं फिरत होतं.

सुकलूची बायको कुंता नकाशासमोर उभी राहिली. वर्तुळावर बोट ठेवून म्हणाली, "एवढे किडे आपल्या बोडीत कवा होते जी? आता जा, आन् त्याह्यले सांगा."

शनिवारी दोन एसट्या बदलून तो चिमूरला आला. प्रयोगशाळेत गुणवंतराव आणि मी, दोघंच होतो. सुकलू बसला नाही. उभ्यानंच त्यानं सांगितलं, खाली बघत. किडे राणबोडीचे नव्हते. दुसऱ्या तलावांचे, नाल्यांचे काढून त्यानं राणबोडीच्या बाटल्यांत भरले होते. तिथले खरे एकोणीस.

"काऊन भरले?" गुणवंतरावांनी त्याच्याच बोलीत विचारलं. ते हसत होते.

"आमच्या बोडीचं नाव मोठं व्हावं म्हून, सर."

गुणवंतरावांनी कपाटातून पेटी काढली. ज्या एका नरावरून जातीचं वर्णन केलं होतं, तो मूळ नमुना टाचणीवर होता. खाली चिठ्ठी: राणबोडी. हा कुठला, त्यांनी विचारलं. सुकलूनं भिंगाशिवायच पाहिलं. धानोऱ्याच्या अलीकडच्या नाल्यातला, म्हणाला. पुरात वाहून आलेल्या पानांखाली होता.

गुणवंतरावांनी पेटी बंद केली. आवाज चढवला नाही. जातीचं जन्मगावच खोटं ठरलं तर निबंधात काय उरतं, हे मला कळत होतं.

"नाही सुकलू," ते म्हणाले. "तेव्हा तू खरं बोललास. खोटं आता बोलून राह्यला आहेस. फवारणी टळावी म्हणून. कोणीही हेच म्हणेल."

सुकलूनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, हे गोल तुमी काढलं ना? पुसता येते का?"

"शाईचं आहे," मी म्हणालो. "आणि छापलं गेलं."

मला आणखी बोलता आलं असतं. पहिल्या वर्षी एका दुपारी राणबोडीच्या काठावर मी स्वतः तासभर पानं उलटली होती आणि मला दोन किडे मिळाले होते. ते मी तेव्हा सांगितलं नाही, आताही नाही. निबंधावर खाली, बारीक अक्षरांत, माझं नाव होतं.

गुणवंतराव खणातून बारा रिकाम्या बाटल्या काढत होते. चिठ्ठ्या लावलेल्याच होत्या: राणबोडी, फवारणीनंतर. किती किडे वाचतात ते पाहिलं पाहिजे, ते म्हणाले. दुसरा निबंध होईल. पंधरा दिवसांनी आण. आणि या वेळी त्याच काठाचे आण.

त्यांनी बाटल्या त्याच्या पिशवीत टाकल्या. सुकलूनं पिशवीत हात घातला. एकेक बाटली काढून त्यानं टेबलावर उभी केली, बुचं वर, चिठ्ठ्या आमच्याकडे. डावी बाही वर सरकली होती, डाग दिसत होता. बारावी बाटली ठेवून त्यानं बाही मनगटापर्यंत खाली ओढली, रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली, आणि बाहेर पडला.