येतो म्हन

माझ्या थोरल्या भावाचा आवाज आम्ही कधी टेप केला नाही. घरात टेपरेकॉर्डर होता, कॅसेटी होत्या, पण त्यांवर आईची भजनं आणि आमचा खेळ. उरलंय त्याचं बोलणं फक्त त्या खेळात, लिहिलेलं. म्हणून मी या वयात जुनी कॅसेट घेऊन बसलो.

सिंदी रेल्वेजवळ आमची भाजीची शेती. नागपूरला नोकरी करणाऱ्या काकांनी कंटाळून टाकलेला एक घरगुती संगणक आमच्याकडे आला. कीबोर्डएवढं यंत्र, टीव्हीला जोडायचं आणि प्रोग्राम कॅसेटवर साठवायचा. दादाच्या हृदयाची झडप लहानपणीच बिघडलेली. अंगण ओलांडलं तरी त्याला धाप लागायची. त्यामुळे तो त्या यंत्रापुढून हलत नसे, आणि मी त्याच्यापासून.

काकांनी दिलेल्या खेळात किल्ले आणि राक्षस होते. शब्द टाइप करायचे आणि पुढे जायचं. दादा म्हणाला, "हे कोनाचं गाव आहे? आपलं करू." मग आम्ही हरवलेल्या बैलाचा खेळ लिहायला घेतला. सुरुवात आमच्याच स्वयंपाकघरातून. अक्षरं रोमन, भाषा आमची. वाटा मी लिहायच्या, बोलणं दादानं.

पहिल्यांदा खेळायला बसला तो दादाच. घराबाहेर पडायला मी 'जातो' हा शब्द ठेवला होता. त्यानं टाइप केलं 'येतो'. यंत्राला काही कळेना. मी चिडलो, "बाहेर जाऊन राह्यला ना तू? मंग जातो म्हन!"

तो हसून लोटपोट. "घरातून निंघतानी जातो म्हनते का कोनी? बुढी मारंन."

बुढी म्हणजे आई, आणि खरंच होतं. आमच्याकडे कुणी चुकून 'जातो' म्हटलं की आई भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं दाराशी यायची. दादानं तेच खेळात घातलं. 'जातो' लिहिलं की दार उघडायचंच नाही, आणि पडद्यावर आई म्हणायची, "जातो नाई म्हनू. येतो म्हन." 'येतो' लिहिलं की म्हणायची, "लवकर येजो." आई पडद्यावरची स्वतःची ओळ वाचून घेई आणि लाजत असे.

बाहेरच्या सगळ्या वाटा मी लिहिल्या. परत घरी यायचा भाग दादानं स्वतःकडे ठेवला. "आईचं बोलनं आहे त्याच्यात, तुले नाई जमत."

त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याला ऑपरेशनसाठी नेलं. जीपमध्ये बसवताना तो म्हणाला, "जातो."

आई म्हणाली, "जातो नाई म्हनू रे. येतो म्हन."

त्याला इतका दम लागला होता की त्यानं नुसता हात वर केला. दम लागला होता म्हणूनच तो बोलला नाही, हे मला समजतं. तरी मला त्याचा राग येतो. अजून येतो. एक शब्द होता. ऑपरेशननंतर तो शुद्धीवर आलाच नाही.

मी खेळ तसाच कॅसेटवर घेतला आणि ट्रंकेत टाकला. पुढे ते यंत्र भंगारात गेलं.

आता जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम लॅपटॉपवर मिळतो. बुरशी पुसून, कॅसेट पुन्हा पुन्हा वाजवून, ज्यात खेळ साठवला होता तो कर्कश आवाज त्याला ऐकवला. कैकदा खेळ अर्ध्यावर अडकला. या दिवाळीत एका दुपारी स्वयंपाकघर पडद्यावर आलं. मी आईला हाक मारली. ती आता फार थकली आहे. मी वाचून दाखवत गेलो.

"थांब," ती म्हणाली. "त्याले म्हनू दे."

तिचं बोट धरून मी एकेक अक्षर दाबलं. येतो.

पडद्यावर आलं, "लवकर येजो." दार उघडलं. आई रडली नाही. रेल्वे फाटकापर्यंत मी वाट चालवली, बैलही सापडला.

"आता वापस आन त्याले," ती म्हणाली.

मी 'घरी' टाइप केलं. खेळ थांबला. प्रोग्राम ज्या ओळीकडे जायला निघाला होता, ती ओळच नाही, असं यंत्रानं कळवलं. ती दादानं लिहायची होती.

"काय म्हनते?"

"इथपर्यंतच लिहिलं होतं त्यानं, आई. परत यायचं राहून गेलं."



"मंग जाऊच काऊन देलं त्याले?" ती म्हणाली.