कुसुमताईंचा कान

कुसुमताई घाडी कुणाच्याही घरी गेल्या की बसण्याआधी पंखा बंद करायला सांगत. मे महिना असो, नौपाड्यातली दुपार असो, घरातली माणसं घामाने निथळत असोत. "जरा पंखा बंद करा ना, घरातलं काही ऐकूच येत नाही," असं म्हणून त्या दाराशीच उभ्या राहत आणि दोन मिनिटांत त्या घराची तब्येत सांगून मोकळ्या होत. तुमच्या फ्रिजचा एक पाय खाली बसलाय. तुमच्या मोरीतला नळ आतून ठिबकतोय. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा आईच्या माहेरच्या लंबकाच्या घड्याळाकडे न बघता म्हणाल्या, "हे भिंतीवर तिरकं लागलंय. एक ठोका लांब पडतोय, एक आखूड." आईला राग आला. पण त्या गेल्यावर तिने स्टुलावर चढून घड्याळ एक बोटभर सरकवलं, आणि रोज पाच मिनिटं मागे पडणारं ते घड्याळ वेळेवर चालायला लागलं. आईने ही गोष्ट त्यांना कधीच सांगितली नाही.

त्या आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहत. यजमान कल्याणला एका घाऊक कापडाच्या पेढीवर. कुसुमताई स्वतः ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं होत्या. तिथे रिले बनत. रिले म्हणजे विजेचा रस्ता बदलणारा छोटासा खटका, बोट न लावता आपोआप पडणारा. हे मला त्यांनीच शिकवलं. तयार झालेला प्रत्येक रिले त्यांच्या टेबलावर येई. त्या तो कानाशी धरत, त्याला वीज देत आणि ऐकत. चांगला उजवीकडच्या खोक्यात, वाईट डावीकडच्या. "चांगला असतो ना, तो एकदाच बोलतो," त्या सांगत. "वाईट असतो तो अडखळतो. बोलू की नको, बोलू की नको, असं करतो." हजेरीपटावर मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्या नावापुढे ‘मदतनीस’ एवढंच लिहिलेलं होतं. त्यांनी ज्यांना हे काम शिकवलं, ते तिघे पुरुष ‘परीक्षक’ होऊन वरच्या मजल्यावर गेले. हे सांगताना त्यांचा आवाज चढत नसे, पण सांगायचं त्या कुणालाही सोडत नसत.

पुढे कारखान्यात तपासणीचं यंत्र आलं, आणि त्यापाठोपाठ कारखानाच दुसऱ्या राज्यात गेला. कुसुमताई पंचेचाळिशीत घरी बसल्या. "घरी बसून काय करू? माझे कान काय पोळ्या लाटायला आहेत?" असं म्हणून त्या कामाच्या शोधात निघाल्या. रेडिओ दुरुस्तीवाले झाले, कल्याणचे मोटर वाइंडिंगवाले झाले. शेवटी नौपाड्यातल्याच दामल्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या. दामले माणूस सज्जन, पण घाईत असलेला. ते म्हणाले, "बाई, हे कॉम्प्युटर आहेत. इथे इंजिनिअर लागतात. तुम्ही शिवणकामाचं वगैरे बघा ना काहीतरी."

कुसुमताई संध्याकाळी आमच्याकडे येऊन हे जसंच्या तसं सांगत होत्या. "शिवणकाम! अरे, मी शिवलेल्या ब्लाउजात माझाच हात जात नाही." त्या हसत होत्या, आम्हीही हसलो. त्यांना परत एकदा हत्यारं मांडलेल्या टेबलाशी बसायचं होतं, आणि ह्या वेळी नावापुढे खरा हुद्दा लावून बसायचं होतं. पण मनातून मलाही दामल्यांचंच पटलं होतं. हे कबूल करायला आज लाज वाटते.

मी त्या सुमारास नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचा व्यवसाय थाटला होता. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल. नव्याण्णव साल असावं. इमारतीत कॉम्प्युटर असलेला मी एकटाच, त्यामुळे त्या विषयातलं शेवटचं मत माझं, असा माझा समज होता. तो कॉम्प्युटर दामल्यांनीच मला विकलेला. त्याचं मोठं कौतुक असं की काम अर्धवट असलं तरी त्याला झोपवता येई. पडदा काळा होई, आवाज थांबे, आणि परत बटण दाबलं की जिथे होतो तिथून पुढे चालू. निदान दामल्यांनी तसं सांगितलं होतं. माझा कॉम्प्युटर झोपे गुणी बाळासारखा, पण उठताना सगळं विसरून पहिल्यापासून सुरू होई. एका शाळेच्या स्मरणिकेची अकरा पानं मी अशी दोनदा घालवली.

दामल्यांनी विंडोज काढून परत घातलं. मेमरी बदलली. तीन वेळा मी तो डबा चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन दुकानात नेला. दुकानात तो शहाण्यासारखा उठे! दामल्यांसमोर दहा वेळा झोपवला, दहाही वेळा उठला. घरी आणला की परत तेच. "तुमच्या घरातच काहीतरी आहे," दामले म्हणाले. हे आईने इतकं मनावर घेतलं की तिने मीठमोहऱ्या घेऊन कॉम्प्युटरची दृष्ट काढली. त्याचाही उपयोग झाला नाही.

अशात एका दुपारी कुसुमताई वर आल्या. त्यांना दामल्यांच्याच दुकानासाठी अर्ज टाइप करून हवा होता. "तोंडी नाही म्हणाले, आता लेखी नाही म्हणू देत," त्या म्हणाल्या. "आणि शब्द नीट घाल हां. उगाच विनंती-विनंती नको." मी टाइप करायला घेतलं. बावीस वर्षांचा अनुभव वगैरे लिहून झालं, तेवढ्यात प्रेसचा माणूस मुद्रितं न्यायला दारात आला. दामल्यांनी आदल्याच दिवशी परत एकदा विंडोज घातलेलं असल्याने मी निर्धास्त होतो. "आता बघा ताई, ह्याला झोपवतो," असं ऐटीत म्हणून मी झोपवला, मुद्रितं दिली, परत येऊन बटण दाबलं. कॉम्प्युटर पहिल्यापासून सुरू झाला. बावीस वर्षं गेली! मी टेबलावर मूठ आपटली आणि दामल्यांच्या नावाने ओरडायला लागलो.

"ओरडू नको," कुसुमताई म्हणाल्या. "पंखा बंद कर."

"ताई, कॉम्प्युटरचं वेगळं असतं हो."

"असेल. तू बंद कर."

मी बंद केला. मग त्यांनी मला तो झोपवायला लावला, उठवायला लावला. असं सहा वेळा. प्रत्येक वेळी त्या डोळे मिटून खोलीच्या वेगळ्या कोपऱ्यात उभ्या. सातव्या वेळी त्या टेबलामागे गेल्या, खाली वाकल्या आणि तिथल्या एका पेटीवरचं आईने विणलेलं क्रोशाचं झाकण उचललं.

"हा कोण?"

"तो स्टॅबिलायझर. आमच्या जुन्या टीव्हीचा. वडील म्हणाले, व्होल्टेज वरखाली होतं, एवढी महागाची वस्तू थेट भिंतीला लावू नको."

"दुकानात नेताना हा नेलेलास?"

"हा कशाला नेऊ? हा काय कॉम्प्युटरमध्ये धरतात?"

कुसुमताईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग त्यांनी समजावलं. कॉम्प्युटर जागा होतो तेव्हा तो आणि त्याचा तो मोठा मॉनिटर, दोघे एकदम वीज मागतात. व्होल्टेज खाली बसतं. तेव्हा पेटीतल्या रिलेने झटकन रस्ता बदलून ते सावरायचं. "हा बदलतो, पण अडखळत. आतून झिजलाय, काजळलाय. तेवढ्या वेळात मशीनची वीज तुटते, आणि झोपेत जे धरून ठेवलेलं असतं ते सगळं सुटतं."

"मग सकाळी पहिल्यांदा लावतो तेव्हा का नाही होत?"

"होत असणार की. पण तेव्हा नाहीतरी पहिल्यापासूनच सुरू करायचं असतं. एकदा सुरू झालं काय नि दोनदा झालं काय, तुला कुठे कळतंय?"

रोज सकाळी पडद्यावर कंपनीचं नाव दोनदा येत असे. मला वाटे, तशी पद्धतच असेल.

पेटी बाजूला काढून आम्ही कॉम्प्युटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला. झोपवला, उठवला. जिथे होता तिथून पुढे! मी उडीच मारली. कुसुमताई मात्र खुर्ची ओढून बसल्या. "एकदा झालं म्हणजे झालं नाही. पंचवीस वेळा कर." मी पंचवीस वेळा केलं. त्या एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर उभ्या रेघा मारत होत्या. पंचविसावी रेघ मारून त्या म्हणाल्या, "आता दामलेसाहेबांना बोलाव. ही पेटी मला त्यांच्यासमोर उघडायचीय."

दामले दुसऱ्या दिवशी सकाळी आले. दोष सापडला एवढंच मी फोनवर सांगितलं होतं. कुसुमताईंना बघून ते चपापले. "बाई, तुम्ही?" सगळं ऐकल्यावर म्हणाले, "योगायोग असू शकतो. काल व्होल्टेज चांगलं असेल." कुसुमताई वाद घालत बसल्या नाहीत. पेटी लावली, कॉम्प्युटर विसरला. पेटी काढली, कॉम्प्युटर उठला. परत लावली, परत विसरला. तिसऱ्या खेपेला दामल्यांनी कपाळाचा घाम पुसला.

मग कुसुमताईंनी पेटीची पिन काढली, स्क्रू सोडवले आणि रिले उघडा केला. "दामलेसाहेब, तुमचं कार्ड आहे का एखादं?" दामल्यांना वाटलं, ओळख ठेवायला मागताहेत. त्यांनी खिशातून कार्ड काढून अदबीने दिलं. कुसुमताईंनी कात्रीने त्याची बारीक पट्टी कापली, रिलेच्या दोन टोकांमध्ये सरकवली आणि हळूच ओढली. पट्टीवर काळी रेघ उठली. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी. आधी दुकानाचं नाव काळं झालं, मग पत्ता, मग खुद्द दामले. पाचवी पट्टी पांढरी निघाली. मग त्यांनी पर्समधून चिमटा काढला. कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी साहेबांकडे मागून घेतलेला. त्याने एक पातळ पाती केसभर वाकवली, बोटाने दाबली, कान लावला.

टक्.

"आता बोलला," त्या म्हणाल्या.

पेटी लावून परत पंचवीस वेळा. ह्या वेळी बटण दामले दाबत होते. दहाच्या पुढे मोठ्याने मोजायला लागले. वीसनंतर आई स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली. पंचविसाव्या वेळी पडदा उजळला, माझ्या स्मरणिकेचं पान जसंच्या तसं समोर आलं, आणि दामले म्हणाले, "कमाल आहे ताई तुमची!" बाईंच्या ताई झालेल्या मी ऐकल्या. कुसुमताईंनी तर ऐकल्याच असणार.

दामले सज्जन होते म्हणालो ते उगाच नाही. त्यांनी तिथेच कबूल केलं की अशीच तक्रार डोंबिवलीतल्या चार घरांतून आलीय आणि चारही ठिकाणी ते विंडोज घालून आलेत. "त्यांच्या टेबलाखाली बघितलंत?" कुसुमताईंनी विचारलं. दामल्यांनी नकारार्थी मान हलवली. "तुम्ही दुकानात या ताई. एक अर्ज तेवढा आणून द्या."

"अर्ज काल केलेला. तो ह्याने खाल्ला." कुसुमताईंनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "आता मी अर्ज नाही करणार. तुम्ही पत्र द्या."

ह्या बाईला मी काल ‘वेगळं असतं’ म्हणून ऐकवलं होतं. मी कोरं पान उघडलं. दामले सांगत गेले, मी टाइप करत गेलो. "श्रीमती कुसुम घाडी यांची आमच्या दुकानात मदतनीस म्हणून..."

कुसुमताईंनी माझं मनगट धरलं. "ते खोड. मदत करून झाली बावीस वर्षं. परीक्षक घाल."

"परीक्षक म्हणजे शाळेचे पेपर तपासणारे वाटतात हो," दामले म्हणाले.

"वाटू देत. मीही तपासतेच की."

दामले मोठ्याने हसले. "घाला, परीक्षक घाला."

पुढे कित्येक वर्षं दामल्यांच्या दुकानात मागच्या बाजूला त्यांचं टेबल होतं, आणि त्या भागातला पंखा कायम बंद असे. इंजिनिअर मंडळी घाम पुसत त्यांच्यापुढे डबे आणून ठेवत आणि श्वास रोखून उभी राहत. पण मला त्या आठवतात त्या पत्राच्या सकाळच्या. प्रिंटरमधून कागद बाहेर आला, दामल्यांनी उभ्याउभ्याच सही केली. कुसुमताईंनी तो दोन्ही हातांत धरून नीट बघितला, घडी घातली नाही, माझ्या हातात परत दिला.

"आता मोठ्याने वाच, प्रसाद. मला ऐकायचंय."

त्यांनी डोळे मिटले. मी वाचायला लागलो. ‘परीक्षक’ ह्या शब्दाशी आलो आणि मीच अडखळलो. कुसुमताईंनी डोळे उघडले नाहीत.

"परत वाच," त्या म्हणाल्या.