समोरचं रिकामं बाक

दुपारचं जेवण अंगावर आलंय. पंखा गरगरतोय, खिडकीतून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतोय. जरा पडते, मग साडी बदलते, असं म्हणत मी आडवी होते. संध्याकाळी देवळात जायचंय. उशाशी शाल आणि नारळ तयार आहेत, रोहिणी चोगलेसाठी. आमच्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनपदासाठी तिनं माझ्याविरुद्ध अर्ज भरलाय. देवासमोर तिला शाल-श्रीफळ द्यायचं, तिनं अर्ज मागे घ्यायचा, की मी बिनविरोध. आमच्या बंदराची रीतच आहे ती. माझे आबाही असेच बिनविरोध होत आले, मरेपर्यंत.

डोळा लागतो न लागतो तोच पायाशी आबा बसलेले. अंगात बोटीवरचा निळा कोट. जाऊन दोन वर्षं झाली, पण दाढी आत्ताच केल्यासारखी.

"चल गो बाय, तुला पार्लमेंट दाखवतो."

तरुणपणी आबा मालवाहू बोटीवर होते. बोट लंडनच्या गोदीला लागली की बाकीचे खलाशी बाजारात आणि हे पार्लमेंटच्या गॅलरीत. ही कथा ऐकून माझे कान किटलेत, तरी मी उठते. जिना उतरते तर आमची लिलावाची शेड. पण शेडमध्ये हिरव्या गादीची बाकं, समोरासमोर. मध्ये पापलेटच्या टोपल्या आणि जमिनीवर दोन तांबड्या रेघा.

"या कशाला, आबा?"

"दोन तलवारींएवढं अंतर. भांडा, पण रेघ ओलांडू नका. तिथले लोक असं सांगतात."

"आपल्या दिल्लीत नाहीत?"

"आपली बाकं घोड्याच्या नालासारखी वळलेली. त्यांचा राजा जन्माला येतो, आपला राष्ट्रपती निवडून येतो. आपली घटना जाडजूड पुस्तकात, त्यांची एका पुस्तकात बांधलेलीच नाही. तरी चाललंय बरं का!" आबांना पूर्वीसारखीच तरतरी आलीय. मला ते इतके आवडतात अशा वेळी.

"मग सारखं काय?"

"विरोधी पक्षनेता. दोन्हीकडे त्याला सरकारी पगार."

मला हसू फुटतं. "विरोध करायचा पगार?"

"मग? तिकडे तर त्यांना राजाचा निष्ठावान विरोधी पक्ष म्हणतात."

टोपल्या आता पाण्यावर तरंगतायत. आम्ही होडीत आहोत. समोरचं हिरवं बाक मात्र तसंच, कोरडं, रिकामं.

"तिथं कोण बसतं?"

"कुणीच नाही. माझ्यासमोर कधी कुणी बसलंच नाही." आबा हाताचे तळवे बघत राहतात. "बाय, लोकांना मी हवा होतो की नको, मला कळलंच नाही गो."

"असं काय बोलता? सगळं बंदर मान द्यायचं तुम्हाला."

"मान दिला. पण विचारलं कुणी कुणाला?"

"आणि मी निवडणुकीत पडले तर?" गेले आठ दिवस मनात अडकलेला प्रश्न एकदाचा बाहेर येतो.

"तर तुला कळेल तरी," म्हणत आबा पाण्यातून नारळ उचलतात आणि होडीच्या काठावर हाणतात.

फट्!

मी दचकून उठते. उशी ओली, शाल ओली. नारळ मधोमध तडकलाय आणि पाणी ठिबकतंय. उकाड्यानं तडकला असेल, तडकतात. पण तडकलेलं श्रीफळ देवापुढे कुणाला देत नाहीत.

मी रोहिणीला फोन लावते. "अर्ज राहू दे तुझा. मागे घेऊ नकोस."

पलीकडून ती म्हणते, "पडशील हां."

"बघू की," मी म्हणते. मी तडकलेला नारळ उकलून दोन वाट्या करते आणि एकीतलं खोबरं दातांनी तोडते. दुसरी तिच्यासाठी झाकून ठेवते.