बटण दाबायचं नव्हतं

वर्षाचे दहा महिने मी बुधवारा पेठेतल्या माझ्या दुकानात इन्व्हर्टर आणि मोटरींचे स्टार्टर दुरुस्त करायचो आणि उरलेले दोन महिने वर्दी घालून फौजेचे वायरलेस सेट. निदान गावात मी तसं सांगायचो. खरं म्हणजे प्रादेशिक सेनेतल्या आमच्यासारख्या अर्धवेळ माणसाला ट्रेड टेस्ट, म्हणजे कामाची परीक्षा, पास झाल्याशिवाय सेटचं झाकण उघडायची मुभा नव्हती. तोवर बॅटऱ्या चार्ज करा, केबल गुंडाळा, हेडफोन पुसा. दुकानात लोक माझ्यापुढे रांग लावायचे आणि तिथं माझ्या हातात फडकं! सात वर्षं असा जळफळाट करत काढली.

गेल्या वर्षीची टेस्ट माझी शेवटची होती, कारण पुढच्या वर्षी वय आडवं येणार होतं. तयारीसाठी मी दुपारनंतर शटर ओढून आत पुस्तक घेऊन बसू लागलो. एक केळीवाला बाहेरून थापा मारत राहिला.

"भाऊ, मिलिटरीचं तुमचं ठीक आहे, पण आमच्या केळीले पाणी कोण देईन? स्टार्टर तर जळून गेला ना!"

"उद्या या," मी आतूनच खेकसलो. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, इतवाऱ्यातल्या एका दुकानात गेला. हे बायकोला कळलं.

"या टाइमाले पास नाही झाले, तर बस करा आता," ती म्हणाली. "दोन महिने दुकानाले कुलूप, अन् तिथं जाऊन पोछा मारता."

मी कबूल केलं. पास होणारच होतो, मग कबूल करायला काय जातं?

टेस्ट कॅम्पमध्ये, सराव चालू असतानाच झाली. त्या दिवशी सगळ्या सेटांवर बोलायची बंदी होती. फक्त ऐकायचं, कारण कुणी बोललं की आपण कुठं बसलोय ते सरावातल्या शत्रूला कळतं. मला एक बंद सेट आणि एक तास मिळाला. माइकच्या सॉकेटमागचा टाका सुटलेला मी बारा मिनिटांत शोधला, नवा घातला, झाकण बसवलं. आता अँटेना काढून तिथं डमी लोड लावायचा होता. हा एक लहानसा डबा असतो. तो लावला की तपासणीचा आवाज त्यातच जिरतो, बाहेर जात नाही. तो माझ्या कोपराजवळच ठेवलेला होता.

पण वीस वर्षं दुकानात माझी एकच रीत. वस्तू दुरुस्त झाली की गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवायची, म्हणजे तोही खूश आणि आपणही. मी ऐटीत बटण दाबलं.

"हॅलो, हॅलो, चेक."

शेजारच्या तंबूतल्या सेटमधून माझाच आवाज खणखणीत ऐकू आला.

परीक्षक सुभेदारसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "आवाज तो बढिया है," ते म्हणाले. "दुश्मन ने भी सुन लिया."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं कशाला बोलू, आधी त्यांचाच राग आला. टाका बरोबर होता ना? सेट चालला ना? मग त्यांच्याच जागी स्वतःला बसवून पाहिलं आणि रागवायला माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलं नाही.

तोच सेट दुपारी सरावावर गेला. मी नापास, त्यामुळे दुरुस्तीच्या कार्डावर माझी सही चालणार नव्हती; ती पास झालेल्या एका नाइकानं केली. त्यानं झाकणाला हातही लावला नव्हता. सेट पुसून, बॅटरी घालून त्याच्या हातात दिला तो मीच.

घरी आलो तेव्हा माझं तोंड पाहून बायकोनं निकाल विचारला नाही. पाणी दिलं, पिशवीतली वर्दी बाहेर काढली आणि एवढंच म्हणाली, "धुवाले टाकू?"

"टाक," मी म्हणालो. "परत जमा करायची आहे."